मॅकिन्ली, हूवर, ट्रम्प : आयातशुल्काची अमेरिकी परंपरा

२७ ऑगस्ट २०२५ रोजी भाद्रपद शुद्ध चतुर्थी होती. महाराष्ट्रात घरोघरी गणरायाची प्राणप्रतिष्ठा चालू असताना, सकाळी साडेनऊच्या सुमारास, म्हणजे वॉशिंग्टनच्या घड्याळात मध्यरात्र उलटताच, भारतीय मालावरील अमेरिकेचे वाढीव आयातशुल्क लागू झाले. आधीच्या पंचवीस टक्क्यांवर आणखी पंचवीस टक्के, असे एकूण पन्नास टक्के. वाढीव शुल्क हा रशियाकडून खनिज तेल विकत घेतल्याबद्दलचा दंड होता. औषधे आणि स्मार्टफोन यांना त्यातून वगळण्यात आले. परंतु अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने घडविणारे कारागीर, सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडणारे कामगार, तिरुपूरचा होजिअरी व्यवसाय आणि आंध्र किनाऱ्यावरील कोळंबी-उत्पादक यांना ही सवलत नव्हती. २०२४ या वर्षात भारतातून अमेरिकेत सुमारे ८७ अब्ज डॉलरचा माल गेला होता. त्यातील ज्या मालात कामगारांचे हात अधिक लागतात, त्यावरच हा घाव बसला.

या निर्णयावर आपल्याकडे जी चर्चा झाली, ती बहुतांशी रशियाचे तेल, पाकिस्तानशी वाढलेली जवळीक आणि अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचा लहरी स्वभाव यांभोवती फिरत राहिली. तिच्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु ट्रम्प यांच्या शुल्कनीतीमागे केवळ लहर आहे असे मानणे ही त्यांची आणि आपलीही फसवणूक ठरेल. त्या नीतीमागे अमेरिकेच्या इतिहासाचे एक निश्चित आकलन आहे. २ एप्रिल २०२५ रोजी व्हाईट हाऊसच्या प्रांगणात जगभरच्या देशांवरील शुल्काचा तक्ता हातात धरून त्यांनी ते जाहीरपणे मांडले. १७८९ ते १९१३ या काळात आयातशुल्काच्या बळावर अमेरिका संपन्न झाली. १९१३ साली प्राप्तिकर आला आणि अमेरिकेने आपला मार्ग सोडला. शुल्काचे धोरण टिकवले असते तर १९२९ ची महामंदी आलीच नसती, असे त्या मांडणीचे सार आहे.

एका महासत्तेचा अध्यक्ष इतिहासाच्या ज्या आवृत्तीवर विसंबून जगाचा व्यापार हलवतो, ती आवृत्ती तपासून पाहणे हे सीप्झमधील कारागिराच्या दृष्टीनेही निरर्थक काम नाही.

या मांडणीचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अध्यक्ष म्हणून ज्या पहिल्या काही कायद्यांवर सही केली, त्यांत ४ जुलै १७८९ चा आयातशुल्काचा कायदा होता. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये उद्योगांविषयीचा जो अहवाल काँग्रेसला सादर केला, त्यात बाल्यावस्थेतील उद्योगांना राज्याने आधार द्यावा, हा विचार स्पष्ट होता. पुढे शतकभर अमेरिकेचे केंद्र सरकार प्रामुख्याने सीमाशुल्कावरच चालले. इंग्लंडने जगाला मुक्त व्यापाराचे पाठ द्यावेत आणि अमेरिकेने भिंतीआड बसून पोलादाचे कारखाने उभारावेत, असा तो काळ होता. मुक्त व्यापाराचा उपदेश करणाऱ्या अमेरिकी पंडितांना आपल्या देशाचे हे बालपण सहसा आठवत नाही, हेही नमूद करायला हवे.

उत्तरार्ध मात्र साफ चुकीचा आहे. १९१३ मध्ये शुल्क कमी झाले आणि प्राप्तिकर आला, हे खरे. पण पहिले महायुद्ध संपताच अध्यक्ष वॉरेन हार्डिंग यांच्या कारकिर्दीत १९२२ साली फोर्डनी-मॅककंबर कायदा संमत झाला आणि शुल्कपात्र मालावरील सरासरी दर पुन्हा अडतीस टक्क्यांच्या आसपास गेला. कॅल्विन कूलिज यांनी तो तसाच ठेवला. म्हणजे ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, तेव्हा संरक्षक शुल्काची भिंत सात वर्षे उभी होती. तिने मंदीला अडवले नाही.

हर्बर्ट हूवर हे या कथेतील सर्वांत दुर्दैवी पात्र आहे. लहानपणीच पोरका झालेला हा मुलगा खाण-अभियंता म्हणून जगभर फिरला, पहिल्या महायुद्धात उपासमारीच्या कडेला पोहोचलेल्या बेल्जियमला धान्य पुरवण्याची अफाट व्यवस्था त्याने उभी केली आणि कर्तबगार प्रशासक अशी कीर्ती घेऊन १९२९ च्या मार्चमध्ये तो अध्यक्षपदी आला. निर्बुद्ध किंवा निष्ठुर माणूस तो नव्हता. निवडणुकीत त्याने शेतकऱ्यांना शब्द दिला होता. १९२० च्या दशकात कारखानदार आणि दलाल श्रीमंत होत असताना अमेरिकेतील शेतमालाचे भाव पडलेलेच राहिले होते. तेव्हा शेतमालावरील शुल्क थोडे वाढवावे, इतकाच मूळ हेतू होता.

तो काँग्रेसमध्ये गेल्यावर त्याचे काय झाले, हे कोणत्याही लोकशाहीने अभ्यासावे असे आहे. गव्हाला संरक्षण, तर साखरेला का नको? साखरेला, तर लोकरीला का नको? लोकरीला, तर मग बुटांनी काय पाप केले? एका राज्याच्या प्रतिनिधीने दुसऱ्याच्या मालाला मत द्यायचे आणि त्याने याच्या मालाला. एकट्या सिनेटमध्ये या विधेयकाला बाराशेहून अधिक दुरुस्त्या जोडल्या गेल्या. युटाचे सिनेटर रीड स्मूट आणि ओरेगॉनचे प्रतिनिधी विलिस हॉली यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा कोणा एका अर्थतज्ज्ञाच्या डोक्यातून निघालेला नव्हता. सर्वांनी सर्वांना खूश करण्याच्या उद्योगातून तो जन्माला आला. मे १९३० मध्ये १०२८ अर्थशास्त्रज्ञांनी अध्यक्षांना निवेदन दिले : सही करू नका. मोटारसम्राट हेन्री फोर्ड आणि मॉर्गन बँकेचे टॉमस लॅमाँट यांनीही विनवले. १७ जून १९३० रोजी हूवर यांनी सही केली. दर चुकीचे ठरले तर शुल्क आयोगाच्या शिफारशीवरून ते बदलता येतील, अशी कायद्यात सोय होती आणि तिच्यावर हूवर यांचा विश्वास होता. भले प्रशासक बहुधा अशाच एखाद्या कलमावर विसंबून सही करतात.

येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घेतली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचा अनर्थ कळत नाही. त्या काळी बरेचसे शुल्क मालाच्या किमतीवर टक्क्यांनी आकारले जात नसे. ते वजनावर किंवा नगावर ठरलेले असे. चार रुपये किमतीच्या वस्तूवर एक रुपया शुल्क असेल तर ते पंचवीस टक्के झाले. मंदीत त्याच वस्तूची किंमत दोन रुपयांवर आली की शुल्काचा रुपया तसाच राहतो आणि दर आपोआप पन्नास टक्के होतो. शुल्कपात्र मालावरील सरासरी बोजा कायद्याने सुमारे चाळिसावरून सत्तेचाळीस टक्क्यांवर नेला होता. १९३२ मध्ये तो एकोणसाठ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. काँग्रेसने न वाढवताच भिंत उंच होत गेली. जितकी मंदी खोल, तितकी भिंत उंच.

आणि शेजारी गप्प बसले नाहीत. कॅनडा हे अमेरिकी मालाचे मोठे गिऱ्हाईक. तेथे जुलै १९३० च्या निवडणुकीत अमेरिकेशी जुळवून घेणारे मॅकेन्झी किंग पराभूत झाले आणि शुल्काचा मारा करून बाजारपेठा उघडू, असे सांगणारे बेनेट पंतप्रधान झाले. पाठोपाठ १९३२ मध्ये ओटावा येथे ब्रिटिश साम्राज्यातील देशांनी एकमेकांना सवलती देऊन बाहेरच्यांसाठी दारे लोटली. पारतंत्र्यातील भारतालाही त्या कुंपणात ओढण्यात आले. १९२९ ते १९३३ या काळात जागतिक व्यापाराचे मूल्य सुमारे दोन तृतीयांशाने घटले. अमेरिकेतील दर चार कामगारांमागे एक बेकार झाला. स्मूट, हॉली आणि हूवर या तिघांनाही १९३२ साली मतदारांनी घरी बसवले.

म्हणून महामंदी स्मूट-हॉली कायद्याने आणली, असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते ते शंभर वेळा सांगतात. तेही खरे नाही. बाजार कायद्याच्या आधी आठ महिने कोसळला होता. त्या काळी आयात हा अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा अगदी लहान भाग होता. मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले त्याप्रमाणे, हजारो बँका बुडत असताना फेडरल रिझर्व्ह स्वस्थ राहिली आणि देशातील चलनपुरवठा एक तृतीयांशाने आटला, हे मंदीचे महामंदीत रूपांतर होण्याचे मोठे कारण होते. हूवर यांच्या शुल्काने आग लावली नाही. ज्या वाटेने पाणी यायचे, ती वाट मात्र बंद केली.

सारांश असा की, शुल्कामुळे मंदी टळते असे म्हणणारे ट्रम्प आणि शुल्कामुळेच मंदी येते असे म्हणणारे त्यांचे टीकाकार, दोघेही इतिहासाला आपल्या सोयीचे उत्तर द्यायला लावत आहेत. १८९३ ची अमेरिकी मंदी रेल्वेतील अतिरेकी गुंतवणूक आणि चांदी-सोन्याच्या गोंधळातून आली. १९८१-८२ च्या मंदीला महागाई मोडण्यासाठी पॉल व्होल्कर यांनी वाढवलेले व्याजदर कारण झाले. २००८ ची मंदी घरकर्जांतून आणि २०२० ची करोनाच्या साथीतून आली. यांतील एकही शुल्काचे अपत्य नव्हे.

मग अध्यक्षाअध्यक्षांत फरक कोठे पडतो? परिणामांचे बिल हातात पडल्यावर त्याने काय केले, येथे.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३४ मध्ये परस्पर व्यापार करारांचा कायदा करून घेतला. परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांचा तो ध्यास होता. समोरच्या देशाने सवलत दिली तर अध्यक्षाने आपले शुल्क निम्म्यापर्यंत उतरवावे, त्यासाठी दर वेळी सिनेटची मंजुरी नको, अशी ती व्यवस्था. स्मूट-हॉलीच्या वेळी चाललेला बाजार पुन्हा होऊ नये म्हणून शुल्काची लेखणी काँग्रेसच्या हातून अध्यक्षाच्या हाती सोपवण्याची ही सुरुवात. पुढे १९६२, १९७४ आणि १९७७ च्या कायद्यांनी राष्ट्रीय सुरक्षा, अनुचित व्यापार, आणीबाणी अशा नाना निमित्तांनी अध्यक्षाचे अधिकार वाढत गेले. शुल्क उतरवण्यासाठी दिलेली लेखणी चढवण्यासाठीही चालते, हे तेव्हा कोणाच्या फारसे मनात आले नसावे. ट्रम्प यांनी आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेतला आणि हा प्रश्न २०२५ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचला.

रिचर्ड निक्सन यांनी १५ ऑगस्ट १९७१ रोजी सर्व शुल्कपात्र आयातीवर दहा टक्के अधिभार बसवला आणि त्याच भाषणात डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले. जपान आणि पश्चिम जर्मनी यांनी आपल्या चलनांचे मूल्य वाढवावे, एवढाच त्यांचा हेतू होता. डिसेंबरात तसा करार झाला आणि अधिभार चार महिन्यांत मागे घेतला गेला. (त्याच डिसेंबरात बंगालच्या उपसागरात सातवे आरमार पाठवून भारताला भिववण्याचा त्यांचा दुसरा डाव मात्र ढाक्याच्या शरणागतीने निष्फळ ठरवला.) निक्सन यांच्याविषयी भारतीय मनात प्रेम असण्याचे कारण नाही. परंतु हत्यार केव्हा म्यान करायचे, हे त्यांना कळत होते.

मुक्त व्यापाराचे स्तोत्र गाणाऱ्या रोनाल्ड रेगन यांनी १९८३ मध्ये मोठ्या मोटारसायकलींवरील शुल्क ४.४ वरून ४९.४ टक्के केले. लाभार्थी एकच होता : हार्ले-डेव्हिडसन. पण ते शुल्क पाच वर्षांपुरते होते, दरवर्षी उतरणारे होते आणि मुदत संपण्याआधी सुमारे वर्षभर कंपनीनेच सांगितले की आता संरक्षणाची गरज नाही.

जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी मार्च २००२ मध्ये पोलादावर तीस टक्क्यांपर्यंत शुल्क लावले. पोलाद गिरण्या खूश झाल्या. पोलाद विकत घेऊन यंत्रे आणि सुटे भाग बनवणारे कारखाने, जे संख्येने कितीतरी अधिक होते, ते हवालदिल झाले. जागतिक व्यापार संघटनेत अमेरिका हरली. युरोपीय संघाने प्रतिशुल्काची जी यादी काढली, तीत फ्लोरिडातील संत्री होती. फ्लोरिडाचे गव्हर्नर होते अध्यक्षांचे बंधू, आणि निवडणूक वर्षावर आली होती. ४ डिसेंबर २००३ रोजी, तीन वर्षांची योजना एकवीस महिन्यांतच गुंडाळण्यात आली. बुश यांनी आपली चूक झाली असे म्हटले नाही. हेतू साध्य झाला असे म्हटले. राजकारणात माघारीला असेच वस्त्र नेसवतात. माघार झाली, हे महत्त्वाचे.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत २०१८ साली पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि चिनी मालावर शुल्क लागले. चीनने अमेरिकी सोयाबीन घेणे आवरते घेतले आणि ब्राझीलचा रस्ता धरला. परिणामी ज्यांच्या हितासाठी व्यापारयुद्ध होते असे सांगितले जात होते, त्याच शेतकऱ्यांना दोन वर्षांत सुमारे २८ अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर करावे लागले. जून २०१९ मध्ये भारताला मिळणारी व्यापारसवलत काढून घेतली गेली, तेव्हा भारतानेही अमेरिकी बदाम, अक्रोड, सफरचंदांवर शुल्क वाढवले. जो बायडेन यांनी सत्तेवर आल्यावर चीनवरील बहुतेक शुल्क कायम ठेवले आणि २०२४ मध्ये चिनी विद्युत मोटारींवरील दर शंभर टक्के केला. ट्रम्प यांच्यावर तुटून पडणाऱ्या पंडितांनी तेव्हा पाळलेले मौन बोलके होते.

२०२५ मध्ये मंदी आली का? नाही. पहिल्या तिमाहीत उत्पन्न किंचित आकुंचन पावले, दुसऱ्या तिमाहीत पुन्हा वाढले. ट्रम्प यांचे समर्थक हे अभिमानाने सांगतात. पण या काळात आणखी काय घडले तेही पाहावे. २ एप्रिलच्या घोषणेनंतर सरकारी रोख्यांचा बाजार हादरला आणि ९ एप्रिलला बहुतेक देशांवरील वाढीव दर नव्वद दिवसांसाठी थांबवले गेले. चीनवरील दर १४५ टक्क्यांवर नेऊन १२ मे च्या जिनिव्हा करारात तीसवर आणला गेला. नोव्हेंबरात कॉफी, केळी, गोमांस, चहा, मसाले यांवरील नवे शुल्क गुपचूप काढण्यात आले, कारण किराणा दुकानातील गृहिणीचा राग मतपेटीपर्यंत जातो. शुल्क परदेशी देतात, असे वर्षभर सांगणाऱ्या सरकारला, ते काढल्याने स्वदेशी ग्राहकाला दिलासा मिळतो, हे अशा रीतीने मान्य करावे लागले. बंदरात शुल्काचा धनादेश फाडतो तो अमेरिकी आयातदार. मग तो निर्यातदाराकडे भाव पाडून मागतो किंवा गिऱ्हाइकावर बोजा टाकतो. २७ ऑगस्टनंतर सुरत आणि तिरुपूरला यातील पहिला अनुभव आला.

हूवर यांच्यापेक्षा ट्रम्प नशीबवान ठरले ते असे की, त्यांना माघार घ्यायला बाजाराने आठवडाभरात भाग पाडले. हूवर यांना थांबवणारे कोणी नव्हते.

आपल्याकडे काहींना या साऱ्यात स्वदेशीचा विजय दिसतो. मुक्त व्यापाराच्या पंढरीतच संरक्षणाचा गजर झाला, तर आपण का मागे राहावे, असा त्यांचा सूर असतो. तो समजण्यासारखा आहे. पण त्याने हॅमिल्टन आणि स्मूट यांच्यातील भेद पुसू नये. तो भेद आपल्याच इतिहासात आहे. जग महामंदीत बुडत असतानाच, १९३२ साली, भारतात साखर उद्योग संरक्षण कायदा झाला. शुल्क मंडळाने रीतसर चौकशी केली होती, जावाच्या साखरेशी स्पर्धा करायला किती आधार लागेल याचा हिशेब मांडला होता आणि संरक्षणाची मुदत १९४६ पर्यंत अशी ठरली होती. देशात तेव्हा साखर कारखाने होते तीसएक. काही वर्षांतच ते एकशेतीसच्या वर गेले. माळीनगर आणि वालचंदनगर ही नावे त्याच काळातली. उद्योग एक होता, गरज मोजलेली होती, तारीख ठरलेली होती. स्मूट-हॉलीत यांतले काहीच नव्हते, आणि २ एप्रिलच्या तक्त्यातही नव्हते. त्या तक्त्यात प्रत्येक देशाचा दर त्याच्याशी असलेल्या व्यापारतुटीला आयातीने भागून काढलेला होता.

ट्रम्प यांचे आदर्श मात्र हूवर नाहीत. विल्यम मॅकिन्ली आहेत. २० जानेवारी २०२५ रोजी शपथ घेतल्यावरच्या भाषणात त्यांनी मॅकिन्ली यांचा गौरव केला आणि अलास्कातील देनाली शिखराला त्यांचे नाव परत देण्याचे जाहीर केले. मॅकिन्ली हे १८९० च्या जबर शुल्ककायद्याचे जनक खरेच. त्याच नोव्हेंबरात मतदारांनी त्यांच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा जवळजवळ निम्म्यावर आणल्या, खुद्द मॅकिन्ली यांची जागाही गेली. पण ते सावरले, १८९७ मध्ये अध्यक्ष झाले आणि दुसऱ्यांदा निवडूनही आले. ५ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलो येथील प्रदर्शनात त्यांनी भाषण केले. अमेरिकेचे कारखाने आता इतके पिकवतात की बाहेरच्या बाजारपेठांशिवाय गत्यंतर नाही. सगळे विकू आणि काहीच विकत घेणार नाही, हे चालायचे नाही. परस्पर सवलतींचे करार केले पाहिजेत, असे त्यात त्यांनी आपल्या देशबांधवांना बजावले. आयुष्यभर शुल्काची बाजू लढवलेल्या माणसाचे हे बोल होते. दुसऱ्या दिवशी त्याच प्रदर्शनात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १४ सप्टेंबरला त्यांचा अंत झाला. शपथविधीच्या त्या भाषणात शिखराचा उल्लेख झाला. बफेलोचा झाला नाही.